कानाशी सांगितलेला सिनेमा

मुलगा पुण्याहून सुट्टीला आला तो एक चपटं यंत्र घेऊनच. ते टीव्हीला जोडून झाल्यावर त्यानं पिशवीतून एक जाडसर खोकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. खोक्यावर हॅट घातलेला माणूस, अर्धा चेहरा अंधारात.

"आई, हाच ना तुमचा पिक्चर? तुझा न् बाबांचा? ब्लू-रे आहे. ओरिजिनल निगेटिव्हवरून पूर्ण साफ केलाय."

हाच. जुना, अमेरिकन, काळा-पांढरा. जिने, पाऊस, ओल्या रस्त्यावरचे दिवे, सिगारेटचा धूर आणि शेवटी कुणाचंच भलं होत नाही, त्या जातीचा. हा सिनेमा मी फ्रीगंजातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळच्या खेळाला पाहिला होता. एकदाच नाही, प्रिंट फिरत फिरत उज्जैनला येई तेव्हा दर खेपेला. मी पडद्याकडे बघायचे आणि आमचे हे शेजारी बसून कानाशी मराठीत सांगायचे.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पोटात गाठ होती. इंदोरच्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं, आणि यांनी शेवटच्या दिवसापर्यंत मला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. एकट्यानं गिळलं सगळं. निदान मी तसं समजत आले. त्या गोष्टीचा मला भयंकर राग आहे आणि तितकाच अभिमान आहे, आणि या दोन्हींवर मी इतकी वर्षं काढली. सिनेमा लावून बसले तेव्हा मनात एवढंच होतं की दोन तास यांच्याजवळ बसल्यासारखं वाटेल.

यांची ओळख करून द्यायची तर आमच्या मराठी मंडळीत यांना सगळे 'इंग्रजीवाले' म्हणत. हे मूळचे खानदेशातले, केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. मी उज्जैनचीच, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. माझं इंग्रजी मॅट्रिकलाच वारलं होतं. यांच्याकडे मात्र सकाळी इंदोरहून इंग्रजी पेपर यायचा आणि तो वाचून होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. कुणाच्या मुलाचा अर्ज असो, कुणाचं पेन्शनचं भांडण असो, लोक यांच्याकडे यायचे. हे पेनाचं टोपण काढून 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' असं सुरू करायचे आणि समोरचा माणूस एव्हाना हात जोडून बसलेला असायचा. कचेरीतल्या टिपण्या लिहून लिहून हात बसला होता, आणि अक्षर तर असं की फ्रेम करून लावावं.

कॉलेजातल्या काही प्रोफेसरांनी मिळून फिल्म क्लब काढला होता. टॉकीजवाला रविवारची सकाळ त्यांना द्यायचा. आत नुकत्याच मारलेल्या फिनाइलचा वास, पंखे अर्धे बंद, आणि प्रिंट अशी की पडद्यावर कोरड्या सीनमध्येही पाऊस पडतोय. बायका फारशा नसायच्या. ज्या असायच्या त्या कंटाळून स्वेटर विणायच्या. मी एकटी टक लावून बघायचे, कारण माझ्या कानाशी सिनेमा चालू असायचा. यांच्या तोंडात लवंग असायची. हळू, जराही न अडखळता सांगायचे. "तो म्हणतोय, माझ्या मित्राला कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही." "ती घबरून गेलीये. म्हणतेय, तुम्ही जा इथून." खेळ सुटला की टॉवरजवळ पोहे-जलेबी, आणि तिथं उरलेला उलगडा. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. हा माणूस आपल्यासाठी परदेशी भाषेतून वाट काढतोय, याचं मला किती वाटायचं ते आता सांगून खरं वाटणार नाही.

सिनेमा यांनी सांगितला तो असा. बंदराचं गाव. लढाईहून परतलेला एक माणूस, जबड्याला लढाईतली जखम, सारखा गालाला हात लावतो. त्याच्या मित्राचा खून झालाय. मित्राच्या ओळखीची एक देखणी बाई आहे, ती आपल्या थोरल्या भावाकडे राहते. भाऊ जाडा, काठी घेऊन चालणारा, वाईट चालीचा. नायक तिला त्याच्या तावडीतून सोडवायला बघतो. शेवटी धक्क्याच्या पायऱ्यांवर गोळी सुटते, नायक पडतो, ती वर उभी राहून क्षणभर बघते आणि धावत जाते. "डॉक्टरला आणायला गेली," हे सांगायचे, आणि पडद्यावर समाप्तीची पाटी. दर वेळी हीच गोष्ट, याच शब्दांत. आणि दर वेळी मी रडायचे, की डॉक्टर वेळेत आला असेल का.

मे महिन्याची दुपार होती. मुलगा म्हणाला, "आई, पर्दा पूर्ण लाव. उजेड आला तर काळा रंग काळा नाही दिसणार, सगळी मजा जाईल." पडद्यानं भागेना म्हणून त्यावर भैरवगढची छापाची जुनी चादर टांगली, कूलर लावला. त्यानं खाली अक्षरं उमटतील असं करून दिलं. मुलाचा अभ्यास घेता घेता मी इंग्रजी वाचायला शिकले होते. ऐकून अजूनही कळत नाही, पण थांबवून थांबवून वाचता येतं. रिमोटवर थांबवायचं बटण कुठलं ते दाखवलं आणि मित्राकडे निघून गेला.

चित्र सुरू झालं आणि मी चष्मा काढून पुन्हा घातला. मोतीबिंदू काढल्यावर घरी आले होते तेव्हा आपल्याच घराच्या कोपऱ्यांतली जळमटं पहिल्यांदा दिसली होती, तसं झालं. जिथं नुसता काळा गोळा असायचा तिथं आता खोली होती, खोलीत खुर्ची, खुर्चीवर कोट, कोटाच्या कापडाचा पोत. नायकाच्या मानेवरचा घाम दिसत होता. पाऊस आता फक्त पाऊस असेल तिथंच पडत होता. आणि त्या बाईच्या बोटात अंगठी होती. जाड्या माणसाच्या बोटातही तशीच. त्या फाटक्या प्रिंटमध्ये तिचा हात कधी धड दिसलाच नव्हता.

मग जाडा माणूस नायकाला सिगारेट देत काहीतरी बोलला आणि खाली अक्षरं आली. मी थांबवून वाचली. पुन्हा वाचली. 'माझ्या बायकोपासून लांब राहा,' असं तो म्हणत होता.

मी हसले. एकटीच, मोठ्यानं. म्हटलं, वा रे सोवळं! शेजारी नवी नवरी बसलीये, तिला नवऱ्याच्या नाकासमोर परक्या पुरुषाच्या गळ्यात पडणारी बाई कशी दाखवायची, म्हणून यांनी नवऱ्याचा चक्क भाऊ करून टाकला. माझ्या मनाला लागू नये म्हणून यांनी आख्खा सिनेमा धुऊन, इस्त्री करून मला घातला. डोळ्यांत पाणी आलं. मरण लपवणारा माणूस आधीपासूनच असा होता तर. ही सवय जुनी होती. फार जवळचे वाटले हे त्या वेळी. तिथंच टीव्ही बंद केला असता तर बरं झालं असतं.

पुढं नायक आगगाडीच्या तिकीटखिडकीशी जातो. हा सीन माझा लाडका. हे सांगायचे, "तो कारकून त्याला विचारतोय, तुझ्या आईची तब्येत कशी आहे, आणि तो म्हणतो, आता बरी आहे." त्या एवढ्या काळ्या गोष्टीत कुणीतरी कुणाच्या आईची चौकशी करतं, म्हणून मला ते आवडायचं. खाली अक्षरं आली. नायक गाडीची वेळ विचारतोय. कारकून म्हणतो, आजही गाड्या उशिरा आहेत, यापेक्षा माझ्या आईनं रेल्वे बरी चालवली असती.

मी परत मागं नेऊन वाचलं. इथं काय लपवायचं होतं? गाडी उशिरा येण्यात कसलं पाप?

मग मी सिनेमा पाहायचा सोडला आणि तपासायला लागले. नायक गालाला हात लावतो, ते दुखणं दाढेचं. एकदा त्याला दाताच्या डॉक्टरकडे जा म्हणतात, तेव्हा तो म्हणतो, ही दाढ लढाईपासून अशीच आहे. जखम वगैरे काही नाही. 'लढाई' एवढा शब्द त्या वाक्यात आहे. जाड्या माणसाला सुरुवातीलाच एक टॅक्सीवाला, आपल्याकडे 'भैया' म्हणतात तसं, बोलता बोलता 'ब्रदर' म्हणतो.

मी जन्मभर संस्कृतचे पेपर तपासले. ज्या मुलीला श्लोक कळलेला नसतो ती काय करते ते मला कुणी सांगायला नको. ओळखीचा एक शब्द धरते. वन दिसलं की वनवास, आणि तिथून पुढं आपल्या मनानं, सुंदर अक्षरात, समासबिमास सोडून अर्धं पान. असं उत्तर मी दोन ओळींत ओळखते. गंमत म्हणजे अशी उत्तरं वाचायला खऱ्या उत्तरापेक्षा चांगली असतात. त्या दुपारी मी माझ्या नवऱ्याचा पेपर तपासत होते.

यांना इंग्रजी ऐकून कळत नव्हतं. लिहायचं येत होतं, ते ठरलेल्या साच्यातलं. पेपर वाचत, तो मनातल्या मनात, आणि त्यातलं किती कळत होतं ते देव जाणे. पडद्यावरची माणसं भराभर बोलत आणि यांच्या हाती दहा वाक्यांत एखादा शब्द लागे. तेवढ्यावर हे डोळ्यांनी गोष्ट रचत, पक्की, मला पटेल अशी. भाऊ सोवळ्यापायी झाला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती मूठ यांनी जन्मभर झाकून ठेवली. बायकोपुढेही.

शेवट पाहिला. धक्क्याच्या पायऱ्या. गोळी ती बाईच झाडते. वर उभी राहून तो हलत नाही ना हे बघते, आणि पळते. डॉक्टरबिक्टर काही नाही. नवीन चित्रात तिचा चेहरा स्वच्छ दिसतो, तिच्यात दयेचा लवलेश नाही. मी कूलर बंद केला.

मला इंदोरच्या डॉक्टरची ती खोली आठवली. यांना ऑफिसातल्या कुणीतरी नाव सुचवलेला डॉक्टर, तरुण, परदेशात शिकून आलेला. आम्ही दोघं समोर बसलो होतो. त्यानं फोटो दिव्यावर लावले, मग आमच्याकडे वळून विचारलं, "हिंदी में बताऊँ या इंग्लिश में?" भला माणूस. विचारलं तरी त्यानं. आणि यांनी खांदे सरळ केले, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "इंग्लिश इज ऑलराइट."

कसे नाही म्हणणार? आमच्यात मोठ्या डॉक्टरपुढे, साहेबापुढे हिंदीत बोलणं म्हणजे आपण कोण ते खाली उतरवून ठेवणं. हिंदी भाजीवाल्याशी, टांगेवाल्याशी, शेजाऱ्याशी. घरात मराठी. आणि जिथं अब्रू पणाला लागते तिथं इंग्रजी. ही उतरंड आम्हीच रचलेली, कुणी लादली नव्हती. मीही तिथं मान ताठ करून बसले होते, की माझ्या नवऱ्याला इंग्रजीत सांगताहेत.

डॉक्टर बराच वेळ बोलला. हे मान हलवत होते, "येस, येस डॉक्टर," म्हणत होते. त्यातला एकच शब्द माझ्याही ओळखीचा होता, कारण तो त्यानं पुन्हा पुन्हा वापरला: कम्फर्टेबल. बाहेर आल्यावर रसाच्या गुऱ्हाळापाशी उभं राहून मी विचारलं, "अहो, काय म्हणाले?" आणि हे त्याच हळू, न अडखळणाऱ्या आवाजात म्हणाले, "काही नाही गं. गाठ आहे, पण कम्फर्टेबल आहे. गोळ्यांवर राहायचं, आराम करायचा. हळूहळू विरघळते ती."

तो डॉक्टर काय म्हणाला असेल ते आज मला कळतं. बरं करता येणार नाही. उरलेले दिवस त्रास होऊ नये एवढं बघू. त्या सगळ्यातून यांच्या हाती तेवढा एक शब्द लागला.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा स्वतः इंदोरला जाऊन त्याच डॉक्टरला भेटला. परत आला तो पांढराफटक. म्हणाला, "आई, बाबांना त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं क्लिअर सांगितलं होतं. तुला काहीच बोलले नाही ते?" तेव्हा आम्ही मायलेकांनी मिळून निष्कर्ष काढला. बाबांना माहीत आहे. आपल्याला त्रास नको म्हणून लपवताहेत. मग आपणही माहीत नसल्यासारखंच वागायचं. त्यांचा एवढा आटापिटा, तो आपण मोडायचा नाही.

आणि मग यांनी काय काय केलं! पुढच्या हिवाळ्यासाठी सूट शिवायला टाकला. गच्चीची गळती काढायला मिस्त्री आणला, त्याच्याशी वाद घातले. रिटायर झाल्यावर खानदेशातल्या गावी सहा महिने राहायचं, असं मला समजावत बसायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायचे, आणि बाहेर येऊन विचारायचे, सूटचा रंग कुठला घेतला. दहाव्याला राम घाटावर सगळी मंडळी तेच म्हणत होती: किती सोसलं बिचाऱ्यांनी, बायकोला जरा कळू दिलं नाही. मी ते ऐकत ओल्या पायरीवर बसले होते आणि खरं सांगायचं तर मला बळ येत होतं त्यातून.

संध्याकाळी मुलगा परतला. मी चादर काढून खिडकी उघडली होती.

"कसा वाटला? प्रिंट काय जबरदस्त आहे ना?"

मी म्हटलं, "तू इंदोरच्या डॉक्टरला भेटलास, तेव्हा तो तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलला?"

तो गोंधळला. "तेव्हा? हिंदीत. तो इंग्लिशमध्ये सुरू झाला होता, मीच म्हटलं, सर, हिंदी में बताइए. घबरलो होतो, डोकंच चालत नव्हतं. का?"

मी त्याला तिकीटखिडकीचा सीन लावून दाखवला आणि बाबा तिथं काय सांगायचे ते सांगितलं. मग दाढ. मग टॅक्सीवाला. तो आधी हसला, मी हसले होते तसाच. मग हसायचा थांबला. माझ्यापेक्षा लवकर पोचला तो. "नाही आई," म्हणाला, "नाही. बाबा रोज पेपर वाचायचे."

"वाचायचे."

"मग त्यांना माहीत असणारच. इतकं साधं... कुणीतरी सांगितलं असेल ना नंतर?"

"कोण सांगणार होतं? तू?"

त्यानं उठून यंत्रातून डिस्क काढली, खोक्यात घातली. झाकण बसेना, तो दाबतच राहिला. मी त्याला उगाच टोचलं, तेव्हा तो पोर होता, त्याचा काय दोष. पण मला राग काढायला माणूस हवा होता आणि ज्याच्यावर काढायचा तो नव्हता.

मला एवढी वर्षं वाटायचं, यांनी मला शेवटच्या दिवसांतून बाहेर ठेवलं. खरं उलटंच होतं. डॉक्टरला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, मला माहीत होतं, भेटायला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही माहीत होतं. नाटक आम्ही सगळे करत होतो. फक्त हे नव्हते करत. यांना खरंच हिवाळ्यात सूट घालायचा होता.

हे सगळं उजेडात आल्यापासून एक दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटचा आठवडा, इथल्याच इस्पितळातला वॉर्ड. हे पार वाळले होते, हातातली सलाईनची सुई सारखी निसटायची. म्हणाले, "या वेळी जरा जास्तच वेळ लागतोय, नाही?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे. अशक्तपणा राहणारच." मनात म्हटलं, काय हा धीराचा माणूस.

जरा वेळानं डोळे न उघडता म्हणाले, "अगं, डॉक्टर राउंडला येतील तेव्हा तू विचार ना. नक्की काय झालंय मला, ते. तू विचार. हिंदीत विचार."

मला वाटलं, आपल्याला काही माहीत नाही असं मला दाखवायला म्हणताहेत. मी यांच्या केसांवरून हात फिरवला, "विचारते हं," म्हटलं. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, नर्सला काही सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच विचारलं नव्हतं. मी यांच्याकडे बघून, रोज हसायचे तशी हसले.